गांडूळखताचा डबा बिघडलाय? आधी खाणं थांबवा, मग पुढचं वाचा

नुकताच घरी गांडूळखताचा डबा सुरू केलाय आणि दोन-तीन आठवड्यांतच वास, चिलटं, भिंतीवर चढणारी गांडुळं यातलं काहीतरी सुरू झालंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, पश्चिमेची बाल्कनी आहे, तिथे भोकं पाडलेले दोन प्लास्टिकचे क्रेट एकावर एक ठेवून आठ वर्षं हे करतेय. या आठ वर्षांत डबा बऱ्याच वेळा बिघडला आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एकच गोष्ट निघाली, गांडुळांना झेपेल त्यापेक्षा जास्त खायला घातलं होतं. वास आला तरी तेच, चिलटं झाली तरी तेच, डबा गरम झाला तरी तेच. म्हणून काहीही बिघडलं की पहिली पायरी ठरलेली, सात दिवस डब्यात काहीही टाकायचं नाही. भीती वाटते की उपाशी मरतील, पण नाही मरत, खाली कोकोपीट, जुनं शेणखत, पेपरचे तुकडे जे काही बेडिंग घातलेलं असतं तेच ती खातात, त्यावर कित्येक आठवडे आरामात काढतात. आठ दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांना "रोज थोडं टाका हं" सांगून जातात ना लोक, ते तर अजिबात करू नका.

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की बाकीचं आपोआप कळतं. एक म्हणजे गांडुळाला दात नसतात. ताजी सालं ते कुरतडत नाही, सालं कुजायला लागली, त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढली की ते मऊ झालेलं सगळं ओढून घेतं. म्हणजे आपण टाकल्यावर लगेच खाणं सुरू होत नाही, मध्ये कुजायचा वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण रोज नवीन भर टाकत राहिलो की नुसता सडका ढीग होतो. दुसरी गोष्ट, गांडुळाला फुप्फुसं नाहीत, श्वास ओल्या कातडीतून चालतो. कातडी सुकली तर मेलं, आणि डब्यात पाणी साचून हवाच राहिली नाही तरी मेलं. ओल पाहिजे आणि हवा पण पाहिजे, दोन्ही एकत्र.

आणि हिशोब आधी नीट करा. नर्सरीतून पाव किलो गांडूळ कल्चर आणलं असेल तर तब्येत उत्तम असताना ती दिवसाला साधारण सव्वाशे ग्रॅम खातील, नवीन डब्यात त्याच्या निम्मं पण नाही. कल्चर म्हणून मिळतं त्यात खतच जास्त आणि गांडुळं कमी असली तर आणखी कमी. आमच्या चौघांच्या घरात ओला कचरा रोज अर्ध्या किलोच्या पुढे जातो, उन्हाळ्यात कलिंगड आणि आंब्याची सालं आली की किलोवर. तो सगळा एका छोट्या डब्यात मावणार नाही, मावायला नकोच. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, एक-एक मूठभर बारीक चिरलेली सालं, एवढंच, उरलेला ओला कचरा घंटागाडीला द्या किंवा साध्या कंपोस्टच्या माठात टाका.

दुसरी पायरी, वास घ्या आणि मूठ दाबा

झाकण काढा आणि खरंच नाक जवळ नेऊन वास घ्या. चांगल्या डब्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, फार मंद. आंबूस वास म्हणजे आंबट सालं किंवा शिजवलेलं अन्न जास्त झालंय. गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, पाणी साचलंय. नाकात झोंबणारा, सार्वजनिक मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया, शेण ताजं होतं किंवा हिरवं फार आणि कोरडं फार कमी.

मग मधल्या थरातून एक मूठ भरून घ्या आणि घट्ट दाबा. एक-दोन थेंब पाणी आलं तर बरोबर आहे. बोटांमधून धार लागली तर फार ओलं. काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत सुटून पडलं तर फार कोरडं. वरून बघून ठरवू नका, वरचा थर कोरडा ठणठणीत आणि तळाला चिखल, असं तर नेहमीच असतं. हात घालायला किळस येत असेल तर हातमोजे घाला, पण हात घाला.

वास येतोय आणि आत चिखल झालाय

ही सगळ्यात जास्त येणारी अडचण, आणि पावसाळ्यात तर हमखास. माझा दुसऱ्या वर्षीचा जुलै मला अजून आठवतो, बाहेर आठ दिवस सूर्य नाही, हवेतच पाणी, घरात वाळत घातलेले कपडे कुबट, आणि मी नेहमीसारखी सालं टाकतेय. एक दिवस हात घातला तर वरचे चार बोटं बरं होतं आणि त्याखाली काळा, चिकट, थंडगार लगदा, त्यात कोथिंबिरीच्या काड्या जशाच्या तशा, काकडीची सालं बुळबुळीत झालेली, आणि हात बाहेर काढल्यावर साबणाने तीनदा धुतला तरी संध्याकाळपर्यंत बोटांना तो वास. गांडुळं तळात एकही नव्हती, सगळी वरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या गुंडीसारखी एकमेकांत अडकून बसली होती. तिथे हवा होती म्हणून तिथे गेली, बाकी त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता.

असं झालं की काय करायचं ते क्रमाने सांगते. आधी ती गुंडी तशीच्या तशी हातात उचलून एका बाजूला ओलसर पेपरवर ठेवा. मग न कुजलेलं, बुळबुळीत झालेलं खाणं दिसेल तेवढं काढून टाका, त्याचा मोह धरू नका. मग तळाची भोकं बघा, बऱ्याच वेळा ती लगद्याने बुजलेली असतात, जुन्या टूथब्रशने किंवा सळईने मोकळी करा, आणि डबा सरळ फरशीवर असेल तर खाली दोन विटा ठेवा म्हणजे तळाला हवा लागेल. आता कोरडं घालायचं, आणि इथे लोक हात आखडता घेतात. चार-पाच पेपरच्या पट्ट्या टाकून काही होत नाही, डब्यातल्या मालाच्या निम्म्याएवढं तरी कोरडं लागतं. फाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, अंड्यांचे ट्रे, वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या बारीक करून, वाळलेलं कोकोपीट, जे असेल ते. गुळगुळीत चकचकीत कागद नको, सेलोटेप काढून टाका. हे सगळं हाताने हलकेच खालपर्यंत मिसळा, खुरप्याने खणू नका, गांडुळं चिरडतात. मग गांडुळं वर ठेवा, ती स्वतः खाली जातील. झाकण तीन-चार दिवस अर्धवट उघडं ठेवून वर जुना सुती कपडा टाका.

वास दोन दिवसांत कमी होतो आणि आठवड्यात जातो. गेला नाही तर कोरडं कमी पडलंय, आणखी घाला. माझ्याकडे आता मे महिन्यातच एक गोणीभर वाळलेली पानं भरून ठेवलेली असतात, सोसायटीच्या माळीदादांना सांगितलं की ते जाळायच्या किंवा टाकायच्या ऐवजी बाजूला ठेवतात, कारण जुलैमध्ये कोरडं पान शोधूनही मिळत नाही.

तळाला साठणाऱ्या पाण्याबद्दल पण इथेच सांगते. खालच्या ट्रेमध्ये जे तपकिरी पाणी गळतं त्याला बरेच जण व्हर्मीवॉश म्हणतात, ते व्हर्मीवॉश नाही. व्हर्मीवॉश तयार खत आणि भरपूर गांडुळं असलेल्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून काढतात. हे गळणारं पाणी म्हणजे कुजणाऱ्या भाजीचा रस, त्याला वास येत असेल तर सरळ ओतून द्या, वास नसेल तर दहापट पाणी घालून फुलझाडांना घाला, मेथी-कोथिंबिरीला नको. आणि रोज पाणी गळत असेल तर ते भरपूर मिळालं म्हणून खूश होण्यासारखं काही नाही, डबा फार ओला आहे एवढाच त्याचा अर्थ.

आंबूस वास आणि मण्यांच्या माळेसारखी गांडुळं

हे कमी वेळा होतं पण होतं तेव्हा फार वाईट वाटतं. गांडूळ सरळ गुळगुळीत दिसण्याऐवजी मध्ये मध्ये आवळल्यासारखं, गाठी पडल्यासारखं दिसतं, अगदी मण्यांची माळ, आणि काही वर येऊन वळवळत मरतात. पिष्ट आणि प्रथिनांचं अन्न फार झालं की हे होतं, शिळा भात, पोळीचे तुकडे, वरण, भिजवलेलं धान्य, पनीर. ते आंबतं, डबा आम्लधर्मी होतो आणि गांडुळांच्या पोटातच आंबण सुरू होतं. जी माळेसारखी झालीत ती सहसा वाचत नाहीत, बाकीच्यांना वाचवायचं. सगळं आंबट झालेलं काढा, बेडिंग निम्म्याहून जास्त बदला, आणि वाळवून मिक्सरमध्ये पूड केलेली अंड्याची टरफलं दोन-तीन चमचे भुरभुरा. घरात अंडी येत नसतील तर नर्सरीत शेतीची चुनखडी पावडर मिळते, ती चमचाभर चालेल. पानाला लावायचा चुना किंवा भिंतीचा चुना मात्र चुकूनही टाकू नका, तो दाहक असतो, गांडुळांची कातडी भाजते.

ताक आणि गुळाचं पाणी साध्या कंपोस्टच्या माठात घालतात ते बघून काही जण इथेही घालतात. गांडुळांच्या डब्यात त्याची गरज नाही, आंबणं वाढतं फक्त.

काय टाकायचं नाही त्याची लांबलचक यादी देत बसत नाही, पण आपल्या घरांत नेमक्या या चुका होतात म्हणून सांगते. फोडणीचं, तेलाचं, मिठाचं काहीच नाही, लोणच्याच्या फोडी तर नाहीच नाही. लिंबाची सालं, संत्र्या-मोसंबीची सालं, कांदा-लसणाची सालं थोडी चालतात असं म्हणतात, मी नवीन डब्यात अजिबात टाकत नाही. चहाचा चोथा उत्तम, पण दूध-साखर घालून उकळलेला असेल तर चाळणीत पाण्याखाली धुऊन घ्या. निर्माल्यातली फुलं चालतात पण दोरा, तार, प्लास्टिकची जर काढून, आणि हळद-कुंकवात माखलेली किंवा कापराच्या वासाची नको. गणपतीत एकदम टोपलीभर निर्माल्य जमतं, ते सगळं एका दिवशी टाकू नका, सावलीत वाळवून ठेवा आणि पुढचे दोन महिने कोरडं म्हणून वापरा.

गांडुळं पळतायत

नवीन आणली की पहिल्या दोन-तीन रात्री काही गांडुळं भिंतीवर चढतातच, जागा बदललेली असते. त्यावर उपाय सोपा आहे, डब्यावर रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवा, त्यांना उजेड सहन होत नाही, ती आत राहतात. तीन रात्रींत स्थिरावतात.

महिनाभर नीट राहून मग अचानक पळायला लागली तर आत काहीतरी बिघडलंय, वास आणि मूठ दोन्ही बघा. फक्त एक अपवाद, जोरदार पावसाच्या आधी आणि पावसात बरीच गांडुळं कारण नसताना वर येतात, आणि त्यातही जात कोणती आहे त्यावर फार अवलंबून असतं. नर्सरीत विकताना सगळ्यालाच गांडूळ म्हणतात, पण आपल्याकडे डब्यात साधारण तीन जाती सापडतात. आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर फिकट पिवळे पट्टे, ही सगळ्यात शांत. युड्रिलस युजेनिए, मोठं, जांभळट राखाडी, भरपूर खातं पण थंडी सोसत नाही. आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, बारीक, उजेडात निळसर झाक मारतं, हात लावला की सळकन उसळतं, आणि पळण्यात पटाईत हीच जात. माझ्याकडे सुरुवातीला तीच होती, मला माहीत नव्हतं. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली, म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडची गांडुळं आहेत का गं ही? आमच्या बाल्कनीत पंचवीसएक तरी पडलीयेत, मी मारली नाहीत, सुपात घेऊन आलेय." रात्रभर पाऊस होता आणि मी झाकण नुसतं टेकवून ठेवलं होतं. तेव्हापासून झाकणाच्या कडेला आतून मच्छरदाणीची जाळी आवळून बांधते आणि पावसाचा अंदाज असला की दिवा लावते.

बागेत खणून सापडलेली गांडुळं आणून टाकायची असतील तर नका टाकू. जमिनीत खोल बिळं करून राहणाऱ्या जाती डब्यात टिकत नाहीत, त्यांना माती लागते.

उन्हाळा

पुण्यात मार्चच्या शेवटी माझी बाल्कनी दुपारी तीननंतर भट्टी होते. गांडुळांना पंधरा ते अठ्ठावीस अंशांपर्यंत छान चालतं, पस्तीसच्या पुढे ती मरायला लागतात, आणि डब्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं, कारण कुजताना उष्णता होते. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणायचं, आणि ते पण एका कोपऱ्यात, सगळीकडे पसरून नाही, म्हणजे तो कोपरा तापला तर गांडुळांना दुसरीकडे सरकता येतं. डब्यावर ओलं गोणपाट टाकायचं, दिवसातून दोनदा शिंपडायचं. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या (पूर्वीचं औरंगाबाद) कोरड्या हवेत याने खूप फरक पडतो. मुंबई-कोकणात हवेतच दमटपणा असतो, पाणी उडत नाही, त्यामुळे गोणपाट थंड होत नाही, तिथे सावली आणि वारा जास्त महत्त्वाचा.

नागपूरच्या मावशीने माझं बघून डबा केला आणि मेमध्ये फोन केला. "अगं, सगळी वर येऊन पडलीयेत, हलत पण नाहीत." मी म्हटलं, "मावशी, आधी डबा उचल आणि बाथरूमच्या बाहेर, आतल्या भिंतीला टेकवून ठेव, आणि फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली ठेव, गोठली की पेपरमध्ये गुंडाळून वर ठेवून दे." तिने तसं केलं, निम्मी गेली होती, निम्मी वाचली. दुसऱ्या वर्षी तिने प्लास्टिकचा डबा सोडून मातीचा मोठा माठ घेतला, तळाला भोकं पाडून, त्याची भिंत पाझरते त्यामुळे आत गार राहतं, आणि तो कूलरच्या वाऱ्यात ठेवते. विदर्भात राहणाऱ्यांनी सुरुवातच माठाने करा.

उन्हाळा नसताना डबा गरम लागला तर शेण ताजं आहे. ताजं शेण कुजताना पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकतं. शेण सावलीत तीन आठवडे पसरून, मधून मधून पाणी मारून, उष्णता आणि झोंब दोन्ही गेल्यावर मगच वापरा, आत हात खुपसला तर गार लागलं पाहिजे. गोठ्यातून आणताना विचारा, गाईला नुकतंच जंताचं औषध दिलं असेल तर ते शेण घेऊ नका.

चिलटं, मुंग्या, अळ्या आणि बाकीचे पाहुणे

चिलटं म्हणजे उघडं पडलेलं फळ. केळ्याच्या सालीवर ती बाजारातूनच अंडी घेऊन येतात, म्हणून सालं टाकायच्या आधी एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा किंवा उकळतं पाणी ओतून गार करून टाका. टाकलं की वर दोन बोटं जाड कोरडा थर, प्रत्येक वेळी. आधीच झाली असतील तर वाटीत व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून डब्याशेजारी ठेवा, पडतात त्यात. पण खाणं थांबवल्याशिवाय नुसत्या वाटीने संपत नाहीत.

मुंग्या आल्या म्हणजे डबा कोरडा. पाणी शिंपडून ओल वाढवा, आणि डबा चार विटांवर ठेवून प्रत्येक वीट पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, आपल्या आज्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली वाट्या ठेवायच्या तसंच. त्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून दोन दिवसांनी बदला. मुंग्यांची पावडर, खडू, स्प्रे यातलं काहीही डब्याजवळ नको. याच कारणाने घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी डबा बाहेर काढा. एकदा सोसायटीत फवारणी करणाऱ्यांनी न विचारता बाल्कनीच्या कोपऱ्यातही मारलं, डब्याच्या भोकांतून आत गेलं, दुसऱ्या दिवशी वरचा थर सगळा मेलेला होता. तेव्हापासून आदल्या रात्रीच डबा जिन्यात नेऊन ठेवते आणि दोन दिवस तिथेच राहू देते.

जाड, राखाडी-तपकिरी, चपट्या, अंगावर वळ्या असलेल्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. त्या गांडुळांना खात नाहीत, चावत नाहीत, कचरा तर गांडुळांपेक्षा जास्त वेगाने संपवतात, पण फार झाल्या की गांडुळांना खायला उरत नाही आणि डबा ओला आणि गरम होतो. चिमट्याने वेचून कुंडीत किंवा कट्ट्यावर ठेवा, साळुंक्या नेतात. खाणं नेहमी खोल पुरलं आणि शिजवलेलं बंद केलं की परत येत नाहीत.

छोटे तांबूस ठिपके, म्हणजे माइट्स, डब्याच्या कडेला भरपूर जमले तर डबा फार ओला आहे. रात्री खरबुजाची साल वर ठेवा, सकाळी साल माइट्सनी भरलेली असते, उचलून टाका. तीन-चार रात्री करा.

आणि हा फरक नक्की शिका. पांढरे शुभ्र, दोऱ्यासारखे बारीक किडे शेकड्याने दिसले की नवीन माणूस खूश होतो की पिल्लं झाली. ते पॉटवर्म, वेगळाच प्राणी, निरुपद्रवी, पण डबा आंबट झाल्याची खूण. गांडुळाचं खरं पिल्लू दुधासारखं पांढरं नसतं, फिकट गुलाबी, पारदर्शक, आणि भिंगातून बघितलं तर पाठीवर लाल रक्ताची रेघ स्पष्ट दिसते.

मारायला लागतील असे दोनच. गोम, कारण ती गांडुळं खाते, चिमट्याने धरून काढा. आणि पावसाळ्यात कधी हातोड्यासारखं डोकं असलेला चपटा चिकट किडा कुंड्यांमधून येतो, तो पण गांडुळं खातो. त्याचे तुकडे करू नका, तुकड्यांपासून नवीन होतात, चिमट्याने उचलून डब्यापासून लांब एका वाटीतल्या मिठात टाका.

खत तयार झालंय पण निघत नाही

तीन-चार महिन्यांनी वरून काळं, चहापत्तीसारखं रवाळ दिसायला लागतं. तेव्हा आठवडाभर खाणं बंद, पाच दिवस पाणीही बंद. मग जुन्या प्लास्टिकवर उन्हाच्या बाजूला पण सावलीत, माल ओतून त्याचे तीन-चार शंकूसारखे ढीग करा. उजेडाला घाबरून गांडुळं आत सरकतात, दहा-पंधरा मिनिटांनी वरचं बोटभर खत हाताने काढून घ्या, परत थांबा, परत काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा लाल गोळा उरतो, तो नव्या बेडिंगवर. खत चिखलासारखं चिकटत असेल तर चाळायची घाई करू नका, सावलीत दोन दिवस पसरून ठेवा, मग गव्हाच्या चाळणीने चाळा. चाळणीत उरलेलं जाडं पुढच्या डब्यात टाका. पपई, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया कुजत नाहीत, त्या कुंडीत उगवतात, नको असतील तर आधीच बाजूला काढा.

सगळी मेली असं वाटलं तर

डबा फेकू नका. निदान दीड महिना तरी नका. माल हातावर घेऊन उजेडात बघा, मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे, मधासारखे पिवळे दाणे दिसतात का. ते कोष. फेटिडाच्या एका कोषातून दोन-चार पिल्लं येतात, आणि कोष अशा उष्णतेत, कोरडेपणात टिकतात जिथे मोठी गांडुळं टिकत नाहीत. फुटायच्या आधी त्यांचा रंग तांबूस होतो, उजेडासमोर धरलं तर आत काहीतरी हललेलं दिसतं.

फवारणीनंतर मी तो डबा असाच ठेवला होता. वरचा मेलेला थर काढून टाकला, बाकी माल नव्या क्रेटमध्ये घेतला, मूठ दाबल्यावर एक थेंब येईल इतकीच ओल राखली, वर ओला पुठ्ठा झाकला, खायला काही नाही. चौथ्या आठवड्यात पुठ्ठा उचलला तर त्याच्या खालच्या बाजूला, नागमोडी पन्हाळीत, सुतासारखी गुलाबी अकरा पिल्लं चिकटलेली होती. मोजली मी.

अशी पिल्लं दिसली की त्यांना पुठ्ठ्यासकट तसंच राहू द्या, आणखी आठवडाभर काही टाकू नका. मग एका कोपऱ्यात चमचाभर, अगदी मऊ कुजलेलं केळ्याचं साल पुरा आणि चार दिवसांनी बघा. संपलं असेल तर परत चमचाभर. ती मोठी होऊन गळ्याजवळ जाड पट्टा दिसायला दीड-दोन महिने लागतात, तोपर्यंत मूठभर खाण्यावर जाऊ नका.